एकट्याने शिडाच्या बोटीवरून बेटं फिरणाऱ्यांची आपसात खरी मैत्री होते का?

होते. आमच्या दादाला मात्र हे पटत नाही. त्याचं ठाम मत, ज्यांचं माणसांशी जमत नाही तेच असले उद्योग करतात.

मी फ्लोरिडात असते, हिवाळ्यात बोट घेऊन एकटीच बहामाला जाते. दादाने एकदा तिथल्या एक्झुमा बेटावरच्या जॉर्जटाउनला येऊन बघावं. एलिझाबेथ हार्बरमध्ये शेकडो बोटी नांगर टाकून असतात. सकाळी आठला सगळ्यांचे कान बोटीवरच्या व्हीएचएफ रेडिओच्या ७२ नंबर चॅनलला: हवामान काय, कुणाला पंप हवाय, कुणाची डिंगी (किनाऱ्यावर जायची छोटी होडी) वाहून गेली. आडनावं कुणालाच माहीत नसतात, हाक मारायची ती बोटीच्या नावाने.

एका जानेवारीत कोल्ड फ्रंट, म्हणजे थंड हवेची आघाडी आली. असा फ्रंट आला की वारा दक्षिणेकडून पश्चिमेला आणि मग उत्तरेला फिरतो. पश्चिमेचा सुटला, की एरवी आडोसा देणारं स्टॉकिंग बेटच बोटीच्या मागे येतं, नांगर सुटला तर बोट थेट त्याच्यावर जाते. रात्री शेजारच्या बोटीचा नांगर सुटला. मालक गावात अडकलेला, बोट रिकामी. मी रेडिओवर ओरडले. आधी धावून आले ते दोघंही एकटे फिरणारे: क्यूबेकचे सत्तरीचे आजोबा आणि एक जर्मन मुलगी. जोडप्यांच्या बोटींवर तोवर ‘जायचं का’ यावर चर्चा चालू असावी.

आजोबांनी नांगराची साखळी अजून सोडून पाहिली, पण तळाला गवत, नांगर धरेना. मग त्यांचाच जादा नांगर आम्ही दोघींनी डिंगीत घालून वाऱ्याच्या तोंडावर नेऊन टाकला. वाळू मिळाली, बसला. पहाटे मालक आला तेव्हा आम्ही तिघं त्याच्याच बोटीवर त्याचीच कॉफी पीत होतो. आजोबांचा पहिला प्रश्न, साखळी किती सोडली होतीस? पाणी ३ मीटर, साखळी जेमतेम १०. वाऱ्यात खोलीच्या सातपट तरी हवी! बिचाऱ्याने मुकाट्याने ऐकून घेतलं.

दादा वीस वर्षं एकाच सोसायटीत राहतोय. गेल्या पावसाळ्यात त्याच्या गाडीवर झाड पडलं, तेव्हा मदतीला किती जण खाली उतरले ते त्यालाच विचारा. आणि २०१८ च्या गोल्डन ग्लोब या एकट्याने जगप्रदक्षिणा करायच्या शर्यतीत हिंदी महासागरात आपल्या नौदलाच्या अभिलाष टॉमींची डोलकाठी मोडली, पाठ जायबंदी झाली, तेव्हा त्यांच्याकडे निघालेला आयरिश ग्रेगर मॅकगकिनही एकटाच होता. त्याची स्वतःची डोलकाठी पडलेली, तरी जुगाड शीड लावून निघाला.

आता हेही सांगायला हवं, की सगळेच टिकत नाहीत. जूनपासून वादळांचा हंगाम, त्याआधीच लोक पांगतात. जर्मन मुलगी पनामा कालव्यातून पॅसिफिकला गेली, पुढे पत्ता नाही. फुकटेही भेटतात. माझं ड्रिल नेऊन एकाने रातोरात नांगर उचलला.

पहिल्यांदाच निघत असाल तर मायामीजवळच्या ‘की बिस्केन’ बेटाला थांबा. तिथून बहामाचं बिमिनी बेट साधारण ४५ सागरी मैल, पण मधला गल्फ स्ट्रीम हा समुद्रप्रवाह उत्तरेला वाहतो, समोरून वारा आला की लाटा उभ्या राहतात, त्यामुळे उत्तरेच्या वाऱ्यात कोणीही शहाणा निघत नाही. सगळे वारा फिरायची वाट बघत अडकलेले असतात. ओळखी तिथेच होतील.