वाळूत पाइल ठोकण्याचं सिम्युलेशन मध्येच थांबतं. पद्धत बदलू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोरड्या वाळूत बंद टोकाचा गोल पोलादी पाइल (पायासाठी जमिनीत उतरवायचा खांब) हॅमरने ठोकला जातोय, त्याचं फायनाईट एलिमेंट मॉडेल, म्हणजे सगळ्याचे लहान तुकडे (एलिमेंट) पाडून केलेलं गणित, तुम्ही करताय. वाळूसाठी मोहर-कूलम्ब मॉडेल आहे, म्हणजे वाळू कधी घसरेल ते घर्षणावरून ठरवणारा साधा नियम. पाइल जेमतेम अर्ध्या व्यासाइतका खाली गेला की टोकाखालची मेश (एलिमेंटची जाळी) चेंगरते आणि सॉफ्टवेअर थांबतं. मेश बारीक केली तर आणखी लवकर थांबतं.

ते तसंच होणार. नेहमीच्या पद्धतीत मेश मातीला चिकटलेली असते. टोकाखालची वाळू आधी दबते, मग बाजूला पांगते आणि मेशलाही सोबत ओढते. एलिमेंट जितका लहान तितका तो लवकर उलटतो.

पद्धत निवडण्याआधी तुम्हाला नक्की काय शोधायचंय ते ठरवा. हा हॅमर हा पाइल हव्या त्या खोलीपर्यंत नेईल का, साधारण किती फटके लागतील आणि पाइलमध्ये किती ताण येईल, एवढंच हवं असेल तर फायनाईट एलिमेंट सोडून द्या. ई. ए. एल. स्मिथ यांनी 1960 साली मांडलेली वेव्ह इक्वेशनची पद्धत, म्हणजे फटक्याची लहर पाइलमधून कशी जाते याचा हिशोब, त्यासाठी पुरते. पाइलचे तुकडे म्हणजे वजनं, मध्ये स्प्रिंग, आणि भोवतीची माती म्हणजे बाजूला व टोकाला लावलेले स्प्रिंग आणि डॅशपॉट (वेगाला विरोध करणारे दट्टे). फटक्याची लहर पोलादातून सेकंदाला सुमारे 5,100 मीटर वेगाने जाते, म्हणजे 30 मीटरच्या पाइलमध्ये टोकापर्यंत जाऊन परत यायला साधारण 12 मिलिसेकंद. काँक्रीटचा पाइल सैल वाळूत सहज उतरत असतानाच कधीकधी का तडकतो, हेही या साध्या मॉडेलात स्वच्छ दिसतं: टोकाला विरोध नसल्यामुळे दाबाची लहर ओढीची होऊन परतते. उत्तर लॅपटॉपवर काही सेकंदांत मिळतं. यातून रंगीत चित्रं निघत नाहीत, म्हणून विद्यार्थी तिच्या वाटेला जात नाहीत, असा माझा संशय आहे.

ठोकल्यामुळे भोवतालची वाळू किती घट्ट झाली, आडवा दाब किती वाढला, हे हवं असेल तर मात्र मेशचा प्रश्न सोडवावाच लागेल. तुमचा पाइल गोल आणि बंद टोकाचा आहे, म्हणून सगळ्यात स्वस्त उपाय 'झिपर'चा. अक्षावर सुमारे 1 मिलिमीटर त्रिज्येची एक कडक, गुळगुळीत नळी आधीच ठेवायची. पाइल तिच्यावरून खाली सरकतो, वाळू नळीपासून सुटून पाइलला टेकते. टोक शंकूसारखं किंवा गोलसर करा, सपाट टोकाला हे जमत नाही. अक्षसममित मॉडेल चालतं, त्यामुळे वेळ खूप वाचतो.

दुसरा मार्ग सीईएल, म्हणजे कपल्ड ऑयलेरियन-लॅग्रांजियन. यात मेश जागेवर राहते आणि वाळू तिच्यातून वाहते. भलंमोठं विस्थापन निमूट सहन करते, पण पाइलच्या अंगालगतचं घर्षण खडबडीत येतं, आणि तुम्हाला बहुतेक तेच हवं असणार. मटेरियल पॉइंट मेथडही चांगली आहे; तिच्यात मातीचे बिंदू स्थिर जाळीतून सरकतात. डीईएममध्ये (डिस्क्रीट एलिमेंट मेथड) एकेक कण वेगळा धरतात. कल्पना मोहक आहे, पण पाव मिलिमीटरचे कण धरले तर एका घनमीटरमध्ये ते सात हजार कोटींच्या घरात जातात. मग कण फुगवावे लागतात, आणि पाइलच्या व्यासात मोजकेच कण मावायला लागले की निकाल उड्या मारू लागतो.

पण माझ्या मते तुमची मोठी अडचण मेश नाहीच, मोहर-कूलम्ब आहे. त्यात प्रसरणाचा कोन ठरावीक असतो, म्हणून वाळू जितकी घसटाल तितकी ती फुगतच राहते. खरी वाळू थोडी फुगते आणि क्रिटिकल स्टेटला पोचली की तिचं आकारमान बदलायचं थांबतं. टोकाजवळ विकृती (आकारातला बदल) प्रचंड असल्याने हा फरक थेट टोकाच्या दाबात उतरतो. मेश न मोडता चाललं असतं तरी तो आकडा फसवाच निघाला असता. हायपोप्लास्टिक किंवा सॅनिसॅन्ड गटातलं, वाळूसाठीच बनवलेलं मॉडेल घ्या. त्यांत रिक्तता गुणोत्तर (पोकळीचं घन कणांशी प्रमाण) हिशोबात असतं, म्हणून त्याच वाळूच्या सैल आणि घट्ट अवस्थांना एकच पॅरामीटरचा संच चालतो. हायपोप्लास्टिक घेतलंत तर इंटरग्रॅन्युलर स्ट्रेनची जोड (भाराची दिशा अलीकडे कशी बदलली ते लक्षात ठेवणारा भाग) विसरू नका. ती नसली तर बारीक उलटसुलट भारांखाली वाळू अवाजवी दबत जाते.

आता फटक्यांचं. पोलादात 10 मिलिमीटरचा एलिमेंट असेल तर एक्सप्लिसिट पद्धतीत (काळाच्या छोट्या पायऱ्यांनी पुढे जाणारं गणित) पायरी सुमारे 2 मायक्रोसेकंदांची पडते. एका फटक्याला 50 मिलिसेकंद धरले तर 25,000 पायऱ्या, हजार फटक्यांना अडीच कोटी. म्हणून बरेच जण पाइल सावकाश दाबून खाली नेतात आणि शेवटी मोजके फटके मारतात. टोकाच्या दाबासाठी हे बऱ्यापैकी चालतं. बाजूच्या घर्षणासाठी नाही. टोक एखाद्या थराला ओलांडून पुढे गेलं की प्रत्येक फटक्याने तिथली पाइललगतची पातळ पट्टी उलटसुलट घसटली जाते आणि थोडी आकसते. तिच्यामागची वाळू ताठ स्प्रिंगसारखी वागते, त्यामुळे केसाएवढ्या आकसण्यानेही पाइलवरचा आडवा दाब बराच उतरतो. याला फ्रिक्शन फटीग म्हणतात. एका दमात दाबलेल्या पाइलमध्ये ही चक्रं घडतच नाहीत, म्हणून घर्षण वाजवीपेक्षा जास्त दिसतं. प्रबंधात घर्षणाचा आकडा देणार असाल तर थोड्या खोलीसाठी का होईना, खरे फटके मारून त्याच खोलीच्या दाबलेल्या पाइलशी तुलना करा.

मॉडेलच्या कडा घट्ट बांधल्या असतील तर आधी सोडवा. तिथे लहर शोषणाऱ्या सीमा किंवा इन्फिनिट एलिमेंट (माती अमर्याद पसरल्यासारखे वागणारे) लावा, नाहीतर प्रत्येक फटक्याची लहर कडेवरून परतून पाइलला पुन्हा हलवेल. तपासायला सोपं आहे: एकच हलका फटका द्या, मग कडा दुप्पट लांब नेऊन पुन्हा तोच द्या. पाइलच्या डोक्याचा वेग-वेळ आलेख दोन्हींत जुळला पाहिजे.