मुलगी तोंडी सगळं सांगते, पण फळ्यावरचं उतरवताना मागे पडते आणि अक्षरही बिघडतं. काय करावं?

तिला फळ्यावरून उतरवायला लावू नका. तोच मजकूर कागदावर देऊन वहीशेजारी ठेवा, असं शिक्षकांना सांगा. फळ्याकडे बघायचं, शब्द लक्षात ठेवायचा, मान खाली घालून ओळ शोधायची आणि मग अक्षर वळवायचं, एवढं सगळं एकाच वेळी चालतं. यातलं एक जरी जड गेलं तरी काना-मात्रा सुटतात, ओळी गळतात. अशा मुलांना आळशी म्हणणं हा अन्याय आहे. अक्षर-अक्षर न बघता पूर्ण शब्द पुटपुटत लिहायची सवय लावा. रुंद ओळींची वही आणि पाय जमिनीला टेकतील अशी खुर्चीही उपयोगी पडते. मात्र डोळे तपासून घ्याच. नजर चांगली असूनही त्रास राहिला, तर डिसग्राफिया, म्हणजे हाताने लिहिण्यातली अडचण, असू शकतो. ऑक्युपेशनल थेरपिस्टला, म्हणजे लिहिण्यासारखी रोजची कामं जमायला मदत करणाऱ्या तज्ज्ञाला, दाखवा.