बालवाडीत सणांची चित्रे काढून घेताना

नव्या ताईंनी सणांच्या उपक्रमात सर्व मुलांना एकच छापील आकृती रंगवायला देऊ नये, हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगते. पहिल्या वर्षी मी वर्गात आकाशकंदिलाची चित्रे वाटली आणि एक मुलगी खडू हातात धरून नुसती बसून राहिली, कारण तिच्या घरी कंदील लावतच नसत. त्यापेक्षा ‘तुझ्या घरी सणाला काय काय असतं?’ एवढे विचारावे आणि उत्तराची वाट पाहावी.

नागपुरात आरंभ तान्ह्या पोळ्यापासून, म्हणजे लहान मुलांच्या पोळ्यापासून, करणे सोयीचे पडते. सजवलेला लाकडी नंदी घरोघरी नेऊन मिळवलेला बोजारा, म्हणजे खाऊ-पैशांची भेट, मुलांच्या पक्का लक्षात असतो, त्यामुळे मातीचा बैल ती न शिकवता वळतात. शिंगे तेवढी गळून पडतात, म्हणून आत खराट्याच्या काडीचा बोथट तुकडा खोचून द्यावा. दीक्षाभूमीवर जाणाऱ्या घरातले मूल पंचरंगी बौद्ध ध्वजाविषयी सांगू लागले, तर निळ्या, पिवळ्या, लाल, पांढऱ्या आणि केशरी कागदाच्या पट्ट्या पुढ्यात ठेवाव्यात. १४ ऑक्टोबर १९५६ चा, डॉ. आंबेडकरांच्या धम्मदीक्षेचा इतिहास त्या वयाला दोन वाक्यांत पुरतो. ईदच्या शेवया खळीने कागदावर छान चिकटतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवणुकीत निघणारे मारबतीचे अक्राळविक्राळ पुतळे मात्र मी तीन वर्षांच्या मुलांपुढे आणत नाही. काही मुले खरोखरच घाबरतात.

चित्र दुरुस्त करू नये. मूल जे बोलले ते त्याच्याच शब्दांत, वऱ्हाडी असो वा हिंदीमिश्रित, चित्राखाली लिहून ठेवावे.