आजीच्या ओव्या आणि काळा पडणारा चेहरा

प्रश्न: ताई, नमस्कार. माझी आजी ८४ वर्षांची आहे, गावाला असते. तिला जात्यावरच्या खूप ओव्या पाठ आहेत. दिवाळीत मोबाईलवर व्हिडिओ काढला तर जात्याची नुसती घरघर येते, शब्द कळतच नाहीत, आणि तिचा चेहरा पार काळा दिसतो. नवीन फोन घ्यावा लागेल का? (एक वाचक, कोल्हापूर जिल्हा)

उत्तर: अजिबात नको, आहे तो फोन पुरतो. आणि हे काम खरंच लांबवू नका हो, हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी गावोगाव फिरून लाखावर ओव्या जमवल्या, तरी तुमच्या आजीने तुमच्या घरातल्या माणसांवर रचलेली ओवी त्यात कुठून असणार?

आधी आवाजाचं बघू, कारण इथे शब्द गेले की सगळंच गेलं. तुमचा फोन बहुतेक पाच-सहा फुटांवर असणार, आणि तिथून त्याला जातं आणि आजी दोघंही सारखेच लांब, मग जातं जिंकणारच. माईक तोंडाजवळ न्यायचा एवढंच करायचं. घरात जुना दुसरा फोन असेल तर त्याला वायरवाला इअरफोन लावा, व्हॉइस रेकॉर्डर चालू करा, फ्लाइट मोडवर टाका म्हणजे मधेच कुणाचा कॉल येणार नाही. इअरफोनच्या वायरवर जो छोटा माईक असतो तो आजीच्या पदराला हनुवटीपासून एक वीत खाली सेफ्टी पिनने अडकवा (पिन वायरमध्ये खुपसू नका, वायरभोवती दोऱ्याची गाठ मारून ती गाठ पिनमध्ये घ्या), मंगळसूत्र किंवा माळ त्याला घासत नाहीये ना ते बघा. दोन्ही रेकॉर्डिंग सुरू झाली की कॅमेऱ्यासमोर एक टाळी वाजवा, नंतर एडिटिंग ॲपमध्ये टाळीला टाळी जुळवली की झालं काम. व्हिडिओवाला फोन जमिनीवर टेकवू नका, जात्याची थरथर सरळ त्यात जाते, खाली गोधडीची जाड घडी ठेवा.

जातं थांबवून नुसती म्हण असं आजीला सांगून बघाल तर तिला अर्ध्या ओव्या आठवणार नाहीत, जात्यावर बसलं की ओवी सुचते म्हणतात ते खरंच आहे. घरघर राहू दे मागे, फक्त शब्दांच्या वर नको.

आता चेहरा. आजीच्या पाठीमागे दार उघडं असणार, बरोबर? फोन त्या दाराच्या उजेडाला भुलतो आणि बाकी सगळं काळं करतो. जातं हलत नसेल तर आजीला जात्याच्या पलीकडे दाराकडे तोंड करून बसवा आणि तुम्ही दाराला पाठ करून जरा बाजूला बसा, म्हणजे उजेड आजीच्या एका गालावर तिरका पडेल, सुरकुत्यासुद्धा छान दिसतात. दुसरी बाजू फार काळोखी वाटली तर तिकडे दोरीवर धुतलेलं पांढरं धोतर टाका. घरातला पिवळा बल्ब बंद, नाहीतर अर्धा चेहरा पिवळा आणि अर्धा निळसर येतो. स्क्रीनवर तिच्या चेहऱ्यावर बोट दाबून धरा म्हणजे फोकस आणि उजेड लॉक होतो. लेन्स आधी पुसा, झूम करू नका, जवळ जा.

प्रश्न: ब्लाउज शिवायचे व्हिडिओ दुकानात ट्यूबखाली काढते, त्यात काळ्या पट्ट्या सरकतात. फोन बिघडलाय का? (एक वाचक, सांगली)

उत्तर: नाही, फोन ठीक आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, काही स्वस्त एलईडीसुद्धा. आपल्या डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. सेटिंगमध्ये अँटी-फ्लिकर असेल तर ५० हर्ट्झ करा, प्रो मोड (कॅमेऱ्याची सेटिंग हाताने बदलायची सोय) असेल तर शटर स्पीड १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा. दोन्ही नसेल तर मशीन सरळ खिडकीशी न्या आणि ट्यूब बंद करा, जरीचा रंगसुद्धा तिथेच खरा दिसतो.