लग्न मे महिन्यात, केस कधी?

वाचकांचे प्रश्न
(या वेळचं उत्तर नागपूरच्या एका शाळाशिक्षकांचं आहे. ते विज्ञान शिकवतात आणि केस प्रत्यारोपण त्यांनी स्वतः करून घेतलं आहे.)

प्रश्न : सर, नमस्कार. वय २७, मानेवाड्याला राहतो, खासगी नोकरी. कॉलेजपासूनच केस जायला लागले. आता कपाळ पार वर सरकलंय, टाळूही विरळ झालीय. बाबांना पूर्ण टक्कल आहे. लग्न ठरलंय, मे महिन्यात. एका ठिकाणी चौकशी केली तर म्हणाले, 'जानेवारीत करा, एका दिवसात पुढून मागपर्यंत भरून देतो, लग्नात झकास दिसाल.' आजच्या आज पैसे भरले तर सूट आहे. खूप दुखतं का? हेल्मेट चालेल का? खर्रा सोडावा लागतो म्हणतात, खरंय का? घरी फक्त आईला माहीत आहे. – अ., नागपूर

उत्तर : आधी लग्नाचं बोलू. जानेवारीत लावून मे महिन्यात झकास, असं ज्यानं सांगितलं त्याला केसांचं काही कळत नसावं, नाहीतर तुमची घाई त्यानं बरोबर ओळखली असावी. लावलेले केस पुढच्या दोन ते सहा आठवड्यांत बहुतेक गळून जातात. मूळ आत शाबूत असतं, पण वरचा केस पडतो. आजूबाजूचे जुने केसही काही काळ झडू शकतात. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात बारीक, वेडेवाकडे केस डोकं वर काढतात. चारचौघांत बरं दिसायला नऊ महिने ते वर्ष लागतं, टाळूला त्याहून जास्त. म्हणजे अक्षता पडतील तेव्हा तुमचं डोकं आजच्यापेक्षाही विरळ दिसण्याची शक्यता आहे. लग्नाच्या अल्बमसाठी करत असाल तर विचार सोडून द्या.

दुसरं, तुमचं वय. डोक्याच्या मागच्या आणि कानांवरच्या पट्ट्यातले केस डीएचटी या टक्कल पाडणाऱ्या संप्रेरकाला फारशी दाद देत नाहीत, म्हणून पक्क्या टकलातही ती झालर टिकते. तिथले केस पुढे लावले तरी ते मागच्यासारखेच वागतात, हे न्यूयॉर्कचे डॉक्टर नॉर्मन ओरेंट्राइक यांनी १९५९ साली मांडलं. सगळी शस्त्रक्रिया याच एका गोष्टीवर उभी आहे. पण मागचा साठा ठरावीक असतो आणि एकदा काढलेलं मूळ तिथे पुन्हा येत नाही. बाबांना पूर्ण टक्कल आहे म्हणता, म्हणजे तुमचंही अजून बरंच जायचं असू शकतं. आज सगळा साठा समोर ओतला आणि चाळिशीत मधलं मैदान मोकळं झालं, तर पुढे केसांचं बेट आणि मागे रिकामं, असा अवतार होतो. 'पुढून मागपर्यंत एका दिवसात' म्हणणाऱ्यानं बाबांच्या डोक्याबद्दल तुम्हाला काही विचारलं का? विचारलं नसेल तर तिथून उठा.

माझ्या डॉक्टरांनी मार्करनं कपाळावर रेघ ओढली ती मला हवी होती त्यापेक्षा चांगली वर. मी जरा खाली घ्या म्हटलं. त्यांनी भुवया उंचावायला लावल्या, कपाळाला आठ्या कुठे पडतात ते दाखवलं आणि म्हणाले, 'साठीतही शोभली पाहिजे.' तेव्हा राग आला होता. आज शाळेत कुणाला ती रेघ लावलेली वाटत नाही, ते त्या उंचीमुळेच.

आता दुखण्याचं. दुखतात ती फक्त सुरुवातीची बधिर करायची इंजेक्शनं. लिग्नोकेनची सुई टाळूत जाते तेव्हा डोळ्यांतून पाणी येतं, खोटं कशाला सांगू. दहा-पंधरा मिनिटांत डोकं आपलं राहत नाही. मग पलंगाच्या भोकात तोंड घालून पालथं पडायचं. मागून एक मिलिमीटरहून बारीक पंच, म्हणजे गोल धारेची नळी, एकेक मूळ मोकळं करतो. दुखत नाही, पण कवटीतून येणारा तो कर्र-कर्र आवाज ऐकू येतोच. निघालेले ग्राफ्ट, म्हणजे मुळासकट काढलेले केसांचे पुंजके, थंड सलाईनमध्ये ठेवतात. दोन मुली भिंगाखाली एक केसवाले, दोन केसवाले, तीन केसवाले असे वेगळे लावत बसल्या होत्या. एक केसवाले कपाळाच्या कडेला, दाट मागे. मला तिथे वर्गातली प्रयोगशाळा आठवली आणि मी उगाच प्रश्न विचारत राहिलो. शेवटी डॉक्टर म्हणाले, 'सर, जबडा हलवू नका.' दुपारी जेवायची सुट्टी मिळते, मग उताणं झोपून लावणी. मान आणि कंबर जेवढी दुखली तेवढं डोकं दुखलं नाही. आरशात पाहिलं तर अनारशाला खसखस लावावी तसं कपाळ.

सगळ्यात वाईट गेली ती तिसऱ्या दिवसाची सकाळ. कपाळाची सूज उतरून डोळ्यांवर आली होती. आधी सांगून ठेवलेलं असूनही घाबरायला होतं. ती दोन-चार दिवसांत जाते. तोवर उशा रचून अर्धवट बसूनच झोपायचं, सलाईनचा फवारा मारायचा आणि खाजवायचं नाही. हे शेवटचंच सगळ्यात कठीण. खपल्या दहा-बारा दिवसांत पडतात. तोवर हेल्मेट नको, नंतरही डॉक्टर म्हणतील तेव्हाच. आणि विनाहेल्मेट गाडी चालवून चौकात पोलिसाला टाळू दाखवू नका, सरळ ऑटो करा. घाम आणि ऊन दोन्ही वर्ज्य, म्हणून आपल्या नागपुरात हे काम हिवाळ्यातलंच. एप्रिल-मेच्या उन्हात ताजी टाळू घेऊन निघायचं म्हणजे आपल्या हातानं भाजून घेणं.

खर्रा सोडावा लागतो, खरंच आहे. तंबाखूतलं निकोटीन रक्तवाहिन्या आवळतं आणि नव्या जागी रुजणाऱ्या मुळाला रक्तच हवं असतं. आधी काही आठवडे आणि नंतरही बंद. 'मी ओढत नाही, फक्त खर्रा खातो' असं डॉक्टरांना सांगणारे आपल्याकडे पुष्कळ. खर्रा म्हणजे सुपारी, चुना आणि तंबाखूच ना भाऊ? अ‍ॅस्पिरिन किंवा दुसरी गोळी चालू असेल तर तेही सांगा.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा पंच कोण मारणार, ते तोंडावर विचारा. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये याबद्दल सूचना काढल्या आहेत. प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरनंच हे करायचं, यूट्यूब किंवा एखादी कार्यशाळा बघून शिकलेलं पुरत नाही. सहायक मदतीला असतात, पण शस्त्रक्रिया त्यांची नव्हे. डॉक्टरांचा महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा. खोलीत ऑक्सिजन आणि तातडीची औषधं आहेत का तेही पाहा, कारण बधिर करायचं औषध जास्त झालं तर जिवावर बेतू शकतं. साखर, रक्त गोठण्याची, कावीळ, एचआयव्ही या तपासण्या न करता कुणी तारीख देत असेल तर तो गिऱ्हाईक बघतोय, रुग्ण नाही. पैशाचं एवढंच सांगतो : उपचारांना जीएसटीची माफी आहे, पण केस प्रत्यारोपण त्या माफीत बसत नाही. म्हणून सांगितलेला दर कर धरून आहे की सोडून, ते लिहून घ्या. आरोग्य विमा सहसा यात येत नाही.

मग आत्ता करायचं काय? त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. आधी हे वंशपरंपरेचं टक्कल आहे, चाई वगैरे नाही, ते त्यांना ठरवू दे. मग गळती थांबवण्याचं बघा. मिनॉक्सिडिल हे औषध टाळूला वरून लावायचं असतं. फिनास्टेराइडची १ मिलिग्रॅमची गोळी असते, अमेरिकेत १९९७ पासून तिला केसांसाठी मान्यता आहे. दोन्हींचा गुण यायला सहाएक महिने लागतात आणि बंद केलं की गळती परत येते. नंतर शस्त्रक्रिया केली तरी उरलेले केस टिकवायला औषध बहुधा घ्यावंच लागतं.

त्या गोळीनं काही थोड्यांना लैंगिक इच्छा कमी होण्याचा त्रास होतो, वीर्यावरही परिणाम होऊ शकतो, आणि गरोदर बाईनं फुटलेल्या गोळीला हात लावायचा नसतो. तुमचं लग्न तोंडावर आहे, म्हणून हे लपवून चालणार नाही. आईला सांगितलंत तसं होणाऱ्या बायकोलाही सांगा, फोनवर नाही, समोर बसून. तिनं तुमचा फोटो पाहूनच होकार दिलाय ना? त्यात कपाळ होतंच. मी बायकोला सांगायला आठवडाभर शब्द जुळवत होतो. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, 'किती लागतील?' मी आकडा सांगितल्यावर मात्र बराच वेळ बोलली.