आजीला दर्शन झालं का?

प्रिय चिऊ,

तुझा व्हॉइस मेसेज काल कामावरून परतताना बसमध्ये ऐकला. दोनदा ऐकला, कारण मध्येच तू चिडून फोन आजीच्या मांजराकडे वळवलास. तर तुझं म्हणणं असं: आजी आळंदीपासून पंढरपूरपर्यंत चालली, पायाला फोड आले, आणि एवढं करून रांग लांब म्हणून देवळात न जाताच फलटणला परत आली. वर शेजारणींना सांगते, ‘छान दर्शन झालं.’ मग आजी खोटं बोलते का? आणि देवानं एवढं चालवून दारात अडवलं तरी ती त्याच्यावर रुसत कशी नाही?

खोटं नाही बोलत. आषाढीला दर्शनाची बारी पार गोपाळपूरच्या पत्राशेडपर्यंत जाते. तिच्यात उभं राहिलं की विठोबाच्या पायाशी पोचायला अख्खा दिवस जातो, कधी त्याहून जास्त. दिंडीचा ट्रक काही तेवढा थांबत नाही. म्हणून कितीतरी वारकरी चंद्रभागेत अंघोळ करतात, पुंडलिकाला नमस्कार करतात, नामदेव पायरीला हात लावतात, मान वर करून कळस बघतात आणि घरची वाट धरतात. याला कळसदर्शन म्हणतात. वारीच्या हिशोबात त्यानं वारी पुरी होते. आजीनं पळवाट काढलेली नाही, रीतच आहे ती.

रुसण्याचं मात्र जरा लांबून सांगावं लागेल.

तुझ्याएवढा होतो तेव्हा एकदा मीही तिच्याबरोबर गेलो होतो. पुणे ते सासवड हा मोठा टप्पा, तीसेक किलोमीटरचा. त्यात दिवे घाट, आणि नेमकी त्या दिवशी एकादशी. पोटात सकाळची साबुदाण्याची खिचडी आणि दोन केळी. घाटाच्या पायथ्याशी वर बघितलं, तर प्रत्येक वळणावर माणसं आणि पताका, आणि त्याच्या वर अजून एक वळण. मी कडेला बसकणच मारली. आजीच्या डोक्यावर तुळस होती, तिला वाकताही येईना. तेवढ्यात आमच्या दिंडीचे म्हातारे विणेकरी जवळ आले आणि म्हणाले, ‘घाटाकडं बघू नका माउली. पुढच्याच्या टाचेकडं बघा.’ मला, दहा-अकरा वर्षांच्या पोराला, माउली! त्या एका शब्दासाठी उठलो. पुढे एक बाई होती. भेगा पडलेली टाच, भेगांत चिखल, पाऊल उचललं की चपलेचा पट्टा फटक् वाजायचा. त्या टाचेमागे घाट चढलो. त्या वर्षी पंढरपुरात काय काय बघितलं ते निम्मं विसरलोय, टाच विसरलो नाही.

‘देव वाट दाखवतो’ असं आजी म्हणते ना, ते मला असंच दिसतं. पायथ्याशी उभं राहून त्यानं कुणाला पंढरपूर दाखवल्याचं मी तरी ऐकलं नाही. दाखवली तर एक टाच दाखवतो.

२०२० साली करोनात वारीच बंद झाली. तू लहान होतीस. माउलींच्या पादुका एसटीनं पंढरपूरला नेल्या. मला वाटलं आजी रडेल. फोन केला तर म्हणाली, ‘यंदा माउली आपल्यासारखीच एसटीनं गेली बघ.’ आणि रोज संध्याकाळी अंगणातल्या तुळशीभोवती चालायची. किती फेऱ्या विचारलं तर म्हणे, ‘मोजायला मी काय कंडक्टर आहे?’

पुंडलिकाची गोष्ट तिनं तुला सांगितली असेलच. तो आईवडिलांची सेवा करत होता, दारात देव आला, यानं वीट फेकली आणि म्हणाला, थांब जरा. देव अजून थांबलाय, कमरेवर हात ठेवून. ज्याला वाट बघायची एवढी सवय, त्याच्यावर एका रांगेपायी काय रुसायचं, असा आजीचा सरळ हिशोब असावा.

पण एक गोष्ट आजीला सांगून तिच्याशी खुशाल भांड, मीही भांडलोय. प्रत्येक बंद दार देवानं लावलेलं नसतं. नामदेव पायरीसमोरच चोखोबांची समाधी आहे. चौदाव्या शतकातले मंगळवेढ्याचे संत, अभंग रचणारे, आणि जातीमुळे त्यांना देवळात पाऊल टाकू दिलं नाही. ती विठोबाची मर्जी नव्हती, माणसांची होती. ते दार उघडावं म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये पंढरपुरात उपोषणाला बसावं लागलं. मधे सहाशे वर्षं गेली. विठोबानं धीर धरला असेल, पण चोखोबांच्या लोकांनी का धरावा, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

आता तुझं खरं भांडण. मेसेजच्या शेवटी हळूच म्हणालीस, ‘तू पण दिवाळीत येतो म्हणालास आणि आला नाहीस.’ पहिली कंपनी बंद पडली, तुला आणि आईला मस्कतहून परत पाठवावं लागलं, नव्या ठिकाणी पहिल्या वर्षी रजा नाही. तुमच्या व्हिसाचा अर्ज एकदा परत आला, एका कागदावर शिक्का नव्हता म्हणून. त्या रात्री मी आजीसारखा अजिबात वागलो नाही. विठोबाला फार बोललो. सकाळी शिक्क्याच्या रांगेत जाऊन उभा राहिलो. इथे जुलैत सकाळी नऊलाच डोकं तापतं. पुढे एक केरळी काका होते, त्यांच्या सँडलची टाच झिजून तिरकी झालेली. हसू आलं मला. अर्ज परत भरलाय. कधी होईल ते सांगत नाही, आधीच एक दिवाळी चुकवलीये.

एक काम कर. आजीच्या पायाचं माप दोऱ्यानं घे, टाचेपासून अंगठ्यापर्यंत, आणि पट्टीवर मोजून मला पाठव. विचारून घेऊ नकोस, ‘कशाला रे खर्च’ म्हणेल. दुपारी झोपली की घे.

तुझा,
बाबा