वाचकांचे प्रश्न : एका पानावर जत्रा, नकाशा आणि पाऊस

प्रश्न : आमच्या वेबपानावर उत्तर गोव्यातील जत्रा आणि नाटकांच्या तारखा असतात. त्या दोन मंडळांच्या आरएसएस फीडमधून (आपोआप ताज्या होणाऱ्या याद्यांमधून) येतात. नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा, पावसाचा अंदाज ओपन-मीटिओचा. अंदाज दिसतो, पण एक फीड 'कॉर्स'ची, म्हणजे दुसऱ्या संकेतस्थळाचा मजकूर वाचण्याच्या परवानगीची, चूक देऊन अडते. विनंतीला 'नो-कॉर्स' हा पर्याय लावल्यावर चूक गेली, तरी मजकूर येत नाही. शिवाय डिचोलीचे कार्यक्रम दोन वेगळ्या गावांत मोडतात. – एक वाचक, साखळी

उत्तर : फीड येते, ब्राउझर ती तुमच्या स्क्रिप्टच्या हाती देत नाही. दुसऱ्या डोमेनच्या सर्व्हरने 'अ‍ॅक्सेस-कंट्रोल-अलाऊ-ओरिजिन' या हेडरने (उत्तरासोबत जाणाऱ्या सूचनेने) परवानगी दिली, तरच स्क्रिप्टला मजकूर वाचता येतो. ओपन-मीटिओ ती देते. 'नो-कॉर्स'मुळे उत्तर येते पण बंद पाकिटासारखे, कोडला उघडता येत नाही. 'नो-कॉर्स' काढून टाका.

जुळवाजुळव ब्राउझरमध्ये न करता सर्व्हरवर करा, तिथे कॉर्सची अडचण नसते. क्रॉन (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणारी सोय) लावून दर 30 मिनिटांनी सगळे स्रोत आणा आणि एकच जेसन फाइल (माहितीची साधी मजकूर-फाइल) बनवा. पानाने तेवढीच वाचायची. प्रत्येक स्रोताच्या उत्तरासाठी जास्तीत जास्त 10 सेकंद थांबा. एखादा बंद असेल तर त्याची आधीची प्रत ठेवा आणि ती किती वाजताची आहे ते पानावर लिहा. नवी फाइल आधी वेगळ्या नावाने लिहून मग नाव बदला, नाहीतर अर्धवट लिहिलेली फाइल कुणाच्या तरी मोबाइलवर जाईल.

आता डिचोली. खरे कष्ट इथेच आहेत. एक फीड 'डिचोली' लिहिते, दुसरी इंग्रजी वळणाने 'बिचोलिम'. पेडणे-पेरनेम, केपे-क्वेपेम, साखळी-सँकेलिम, सगळीकडे हीच गत. गावाच्या नावावरून नोंदी कधीही जोडू नका. प्रत्येक गावाला एक क्रमांक द्या, त्यासमोर त्याची सगळी रूपे आणि अक्षांश-रेखांश असा तक्ता करा. जे नाव तक्त्यात सापडणार नाही ते वेगळ्या यादीत टाका आणि रोज माणसाने पाहावे. अक्षरांच्या साम्यावरून संगणकाला अंदाज बांधू दिलात, तर लोक भलत्याच गावी पोचतील. स्थाने नॉमिनॅटिमवरून (ओपनस्ट्रीटमॅपच्या ठिकाण-शोध सेवेवरून) एकदाच शोधून जपून ठेवा. तिथे सेकंदाला 1 पेक्षा जास्त विनंती चालत नाही.

जिओजेसन या स्थानांच्या फाइलप्रकारात रेखांश आधी, लीफलेट या नकाशा दाखवणाऱ्या कोडसंचात अक्षांश आधी. ही अदलाबदल झाली की पणजीची खूण नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात पडते. ओपन-मीटिओला टाइमझोन सांगितला नाही तर वेळा ग्रिनिचच्या येतात : संध्याकाळी साडेसातचा पाऊस दुपारी दोनचा दिसतो. नाटक उघड्यावर असेल तर ही चूक महागात पडते.

प्रश्न : मोबाइलवर जागा कमी पडते. नकाशावरची ओपनस्ट्रीटमॅपची श्रेयओळ काढली तर चालेल का? – एक वाचक, फोंडा

उत्तर : नाही. ती परवान्याची अट आहे. अक्षर लहान करा, पण वाचता आले पाहिजे. ओपन-मीटिओचा अंदाज वापरत असाल तर त्यांचेही नाव द्यावे लागते.